परतीचे दोर

शुक्रवारी रात्री घाटकोपरला शेवटच्या कसारा लोकलमध्ये चढणारे लोक दोन प्रकारचे. एक, शिफ्ट संपवून घरी निघालेले दमलेले जीव. दुसरे आम्ही. पाठीवर गॅस सिलिंडरएवढी सॅक आणि चेहऱ्यावर उगाचच उत्साह. पहिले लोक दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघतात ना, ती मला आता पाठ झालीय. पण तक्रार कुठल्या तोंडाने करू? लग्नाआधी आम्ही कॉफी प्यायला कमी आणि गड चढायला जास्त भेटलोय.

या वेळी चढायचं नव्हतं, उतरायचं होतं. सांदण दरी. कसाऱ्याहून जीपने घोटी, भंडारदरा करत साम्रद गाठायचं, आणि गावाजवळच जमिनीला जी चीर पडलीय तिच्यात शिरायचं. अंदाजे दोन किलोमीटर लांबीची घळ, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फूट सरळसोट काळा बेसॉल्ट, आणि रुंदी काही ठिकाणी इतकी कमी की दोघांनी शेजारी चालायचं म्हटलं तर भांडण व्हावं. ही म्हणे आशियातली दोन नंबरची दरी. एक नंबरची कुठली, हे मला आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही!

आकड्यांची हौस असेल तर अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन घ्या. खोली दीड किलोमीटरहून जास्त. आपली १६४६ मीटरची कळसूबाई जवळजवळ अख्खी त्यात मावेल. तिथले रेंजर सांगतात की नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचा हट्ट करू नका. दरीचा हाच तर घोळ आहे. डोंगरावर दम लागला की मागे फिरता येतं, दरीत दम लागेपर्यंत आपण खाली पोचलेलो असतो.

डिसेंबर होता, त्यामुळे पाणी बेताचं. (पावसाळ्यात इथे शिरायचंच नाही. घाटमाथ्यावरचं पाणी याच घळीतून कोकणात कोसळतं.) पहिला डोह गुडघाभर. दुसरा कमरेपर्यंत, आणि असा गार की तोंडातून शब्दच फुटेना. सॅक डोक्यावर घेऊन मी पलीकडे गेले आणि मागे वळून पाहिलं. नवरा डोहातून बाहेर येताना दर वेळी डावाच पाय आधी टाकत होता.

दोन आठवड्यांपूर्वी मुलुंडला टर्फवर ऑफिसची क्रिकेट मॅच खेळताना त्याचा उजवा गुडघा मुरगळला होता. "गुडघा?" मी विचारलं. "छे गं." पुढे खोलीएवढाल्या दगडांवरून उड्या मारायच्या होत्या. तिथे तो उड्या मारत नव्हता, बसून घसरत होता. "दुखतोय का?" "नाही म्हटलं ना." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मला कॅमेरा काढायला सांगितला.

मग आला तो टप्पा. पंचेचाळीसेक फुटांचा कडा, दोर लावून उतरायचा. आमच्या लीडरने बारा जणांना गोल बसवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुणाला काही त्रास असेल तर आत्ता सांगा. शेवटचा माणूस उतरला की आपण दोर खाली ओढून घेतो. मग इथून वर यायची सोय नाही."

चौथीच्या पुस्तकातला सिंहगड आठवला. फक्त इथे दोर कुणी कापत नाही, नीट गुंडाळून सॅकमध्ये भरतात.

नवरा बुटाच्या नाड्या बघत बसला. बारा जणांत सगळ्यात जास्त ट्रेक केलेला माणूस! मला माहीत होतं, मी बोलले तर तो कित्येक दिवस धुमसणार. नाही बोलले आणि खाली कुठे तो गुडघा बसला तर? खाली रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही, देहणे गाव अजून कित्येक तास लांब.

मी बोलले. सगळ्यांसमोर.

लीडरने त्याला उभं केलं, वाकायला लावलं, गुडघा दाबून पाहिला. परत फिरायचं तर मागे दोन्ही डोह आणि ते सगळे दगड, तेही चढणीला. शेवटी ठरलं की उतरायचं, पण सॅकशिवाय, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून, आणि साम्रदचा वाटाड्या दादा कायम त्याच्या पुढे. त्याची सॅक चौघांत वाटली गेली. माझ्या वाट्याला स्टोव्ह आणि ओले कपडे.

मी आधी उतरले. खालून पाहिलं तर तो अध्येमध्ये लोंबकळत थांबायचा, डाव्या पायाने कड्याला रेटा द्यायचा, पुन्हा सुटायचा. आईशप्पथ, माझ्या स्वतःच्या उतरण्याला मी इतकी घाबरले नव्हते. शेवटचा माणूस आल्यावर लीडरने दोर ओढला. तो सळसळत आमच्या पायाशी पडला आणि कुणीच काही बोललं नाही.

देहण्याला पोचायला अंधार झाला. आमच्यामुळे. ग्रुपमधल्या कुणीही ते बोलून दाखवलं नाही, त्याने जास्तच लाज वाटली. जीपने आसनगाव, तिथून लोकल. कल्याण गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला, "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"एकट्याला तीनदा विचारलं होतं."

यावर तो खिडकीबाहेर बघत बसला. ठाणं गेलं, मुलुंड गेलं. घाटकोपरच्या जिन्याशी थांबून त्याने कठड्याबरोबर माझा खांदाही धरला आणि म्हणाला, "सोमवारी हाडांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे."

लिगामेंट थोडं फाटलं होतं. सहा आठवडे ट्रेक बंद. परवा फोटो लॅपटॉपवर घेतले. कडा, डोह, उन्हाची एवढीशी तिरीप, सगळं झकास आलंय. आणि प्रत्येक फोटोत साहेब डाव्या पायावर उभे.