करवलीची वेणी कुणी ठरवायची?

करवलीला लग्नात काम असतं. मंगलाष्टकं चालू असताना ती नवरीच्या मागे कऱ्हा आणि दिवा घेऊन उभी असते. ओवाळायचं ताट तिच्याकडे, अक्षता वाटायच्या तिनंच, नवरीचा पदर सावरायचा तिनं, आणि गुरुजींनी ऐन वेळी सुपारी मागितली तर पिशव्या धुंडाळायच्याही तिनंच. नवरदेवाची बहीण असेल तर वरात घरी आल्यावर उंबऱ्यात दार अडवून ती भावाकडं त्याची होणारी लेक मागते. दिवसभर ती वाकते, उठते, जिने चढते. तिच्या केसांचं काय करायचं, हे मात्र आजकाल तिचं काम आणि तिचे केस न पाहताच ठरतं.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. नांदेडात माझं छोटं पार्लर आहे आणि लग्नसराईत मी दोन्ही गावांत केस करायला जाते. मला ठामपणे सांगायचं आहे ते एवढंच: करवलीची केशरचना तिच्या कामावरून आणि तिच्या केसांवरून ठरवा, मोबाइलमधल्या फोटोवरून नको. आणि तसं ठरवलंत तर दहापैकी आठ जणींच्या बाबतीत उत्तर वेणी हेच येईल.

सध्या होतं ते असं. लग्नाच्या महिनाभर आधी घरच्या ग्रुपवर एक फोटो येतो. सात-आठ मुली एका रांगेत, सगळ्यांचे केस एकसारखे मोकळे, टोकांना कुरळे केलेले, वर एक पफ. ‘आपल्या सगळ्या करवल्यांचं सेम करायचं’ असं ठरतं आणि पॅकेज बुक होतं. पण घरच्या त्या सात-आठ करवल्यांत एकीचे केस घोट्याएवढे जाड, एकीचे खांद्यापर्यंत, एक नुकतीच टायफॉइडमधून उठलेली आणि एक जन्माची कुरळी. कुरळ्या केसांच्या मुलीचे केस आधी मशीननं सरळ करायचे आणि मग त्याच केसांना पुन्हा मशीननं कुरळं करायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती पोर खुर्चीत बसून रडवेली झाली होती. तिचे स्वतःचे केस त्या फोटोतल्या केसांपेक्षा कितीतरी देखणे होते.

आपल्याकडची बरीच लग्नं चैत्र-वैशाखात होतात. मे महिन्यात नांदेड आणि लातूरचा पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. मुहूर्त बहुतेकदा दुपारी साडेबाराच्या आसपासचा आणि वऱ्हाड उशिरा येणार हे गृहीतच. करवल्यांना पार्लरमध्ये पहाटे पाचला बसवतात, कारण शेवटचा वेळ नवरीसाठी राखलेला असतो. पहाटे पाचला केलेले कुरळे केस साडेबाराला मानेला चिकटलेले असतात. स्प्रे मारून ते टिकवायचे म्हटलं तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हेअर स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, तो ओला असताना पेट घेतो. निरांजन घेऊन उभ्या राहणाऱ्या, होमाशेजारी वाकणाऱ्या मुलीचे केस मोकळे आणि त्यावर वरचेवर मारलेला स्प्रे, ही जोडी मला कधीच पटली नाही. आमच्या आयांनी करवलीचे केस बांधून दिले ते उगीच नव्हे.

आता कोणती वेणी कुणाला, ते सांगते.

पुढून बटा चेहऱ्यावर येतात आणि जिला सतत खाली वाकायचं आहे, तिला सागरवेणी. कपाळापासून थोडे थोडे केस घेत मागं गुंफत जायचं. फार घट्ट नको, पण पहिले तीन-चार पेड पक्के हवेत, बाकीची वेणी त्यांवरच टिकते. कऱ्हा-दिवा धरणाऱ्या करवलीसाठी माझी पहिली पसंती हीच. केस पातळ असतील तर खजुरी. दोनच भाग करून कडेच्या बारीक बटा आडव्या टाकत जायचं. वेणी पुरी झाली की खालून वर येत प्रत्येक पेड बोटानं हलका सैल करायचा. एवढ्यानं वेणी दीडपट भरलेली दिसते, वरून काही लावावं लागत नाही. जाड, लांब केसांना मी साधी तिपेडीच घालते. अशा केसांत पाचपेडी घातली तर वेणी रुंद होते आणि विणलेलं दिसतही नाही. पाचपेडी मध्यम केसांवर खुलते, पण तिला वेळ लागतो, आणि मुलीनं मान हलवली तर पुन्हा पहिल्यापासून. लहान चुळबुळ्या करवलीला ती घालू नये. केस खांद्यापर्यंतच असतील तर दोन्ही कानांच्या वरून दोन बारीक वेण्या मागं आणून एकत्र बांधायच्या आणि त्या जोडावर गजरा माळायचा. लांब केस नाहीत हे लपवायचं कशाला?

केस लग्नाच्या आदल्या दिवशी धुवावेत. सकाळी न्हालेले केस निसरडे असतात, वेणी तासाभरात सुटू लागते. टोकाला ऑफिसातला रबर कधीही लावू नका, तो काढताना केस तुटतात. लोकरीचा किंवा कापडी रबर लावा आणि वर गोंडा बांधा. कपडा आधी बघा, मग वेणी कुठं सोडायची ते ठरवा. पैठणीचा पदर डाव्या खांद्यावर पिना लावून बसवलेला असतो, वेणी त्याखाली गेली तर मान वळवताना ओढ बसते, म्हणून ती पदरावरून बाहेर काढायची. घागऱ्याच्या चोळीला पाठीवर लटकन आणि टिकल्या असतील तर वेणी उजव्या खांद्यावरून पुढं घ्यायची. नाहीतर मंगलाष्टकांच्या मध्येच केस लटकनात अडकतात आणि मग कऱ्हा कुणी धरायचा?

फुलांबद्दलही बोलायला हवं, कारण वेणीचं अर्धं रूप फुलांत आहे. उन्हाळ्यात मोगरा भरपूर येतो. पण मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि त्या संध्याकाळकडं उमलतात. दुपारच्या मुहूर्तासाठी गजरा घट्ट कळ्यांचाच घ्यावा, ओल्या कापडात गुंडाळून ठेवावा आणि निघायच्या आधी माळावा. पहाटे पाचला माळलेला गजरा बाराला तपकिरी पडतो, मग लोक ‘फुलं चांगली नव्हती’ म्हणतात. फुलं चांगलीच होती. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांत शेवंती घ्या, ती दिवसभर मान टाकत नाही. प्लॅस्टिकची फुलं मी वापरत नाही, कुणी आग्रह केला तरी.

आमच्या भागाचं एक भाग्य असं की वेणीच्या बाबतीत चारी दिशांनी काही ना काही येत राहतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तेलुगू नातेसंबंध आहेत. तिथल्या लग्नांत नवरीच्या पाठीवर पूलजडा दिसते, वेणीभर फुलांची जाळी आणि टोकाला तीन गोंडे. उदगीरकडून बिदर जवळ, तिकडं मोगऱ्याच्या कळ्यांनी मढवलेली जडे. आपल्या जुन्या घरांत मूद, राखडी, केवडा, अग्रफूल असे केसांत घालायचे दागिने असायचे. नांदेडच्या शीख घरांत पराँदा गुंफलेली लांब वेणी असते. एवढं सगळं हाताशी असताना आपण करवलीसाठी मुंबईच्या एखाद्या लग्नातला फोटो नकलायचा, याचं मला खरंच वाईट वाटतं. देगलूरच्या मुलीनं आजीच्या पद्धतीची जडा हलकी करून, दोन फुलांच्या ओळींपुरती घातली तर ती तिला शोभेल, आणि तिच्या आजीलाही.

इथं एक सावधगिरी मात्र हवी. हळदीच्या कार्यक्रमात ‘बंजारा लूक’ करायची टूम आली आहे. किनवट, माहूर, मुखेडच्या तांड्यांवर बंजारा स्त्रीच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगरी-टोपल्या लोंबतात. घुगरी हे तिथं लग्न झालेल्या बाईचं लेणं आहे. भाड्याच्या पेटीतल्या पत्र्याच्या घुगऱ्या कुमारिकेच्या केसांना बांधून फोटो काढायचे, आणि तेही शेजारी बंजारा मैत्रीण उभी असताना, हे मला गैर वाटतं. माझ्याकडं अशी मागणी आली की मी आधी विचारते, तुमच्या घरात किंवा मैत्रिणींत कुणी तांड्यावरची आहे का? असेल तर तिलाच विचारा काय चालतं. विचारून आलेल्या मुलीला मी आनंदानं वेणी घालून देते, घुगरीविना.

गंगावनाचा विषय नाजूक आहे. ज्या मुलीला स्वतःहून लांब वेणी हवी आहे तिनं ते जरूर लावावं. आपल्या खेड्यांतून विंचरलेले केस घेऊन त्यावर भांडी देणारे फिरतात, तिरुपतीला नवसानं दिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, असे केस देशोदेशी जाऊन कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर चढतात. त्यात कमीपणा काही नाही. माझा आक्षेप सक्तीला आहे. टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, हे डॉक्टर सांगतात, ते पुन्हा येतातही. अशा काळात त्या मुलीच्या उरल्यासुरल्या केसांना जड गंगावन आकड्यांनी टांगायचं, का तर रांगेत तिची वेणी आखूड दिसू नये म्हणून! सतत ओढ बसली की कपाळाच्या कडेचे केस मुळापासून जातात, आणि हे वारंवार झालं तर तिथं पुन्हा उगवतही नाहीत. मी एका मुलीचं गंगावन जेवणाच्या पंगतीच्या आधी काढून दिलं होतं. ‘मावशी, केस लई ओढायलेत, पण आई रागावंल म्हून बोलले नाही’ असं ती म्हणाली. आईला मी बाजूला घेऊन समजावलं. आईही कळती होती, तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

केस धुवायला पाणी लागतं, आणि पाण्याची गोष्ट लातूरकरांना वेगळी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यातही लग्नं होत होती. स्प्रे, जेल आणि पफच्या आतली गुंतवळ काढायला दोन-तीन वेळा डोकं धुवावं लागतं. वेणी रात्री सोडली की केस फणीला लागतात, थोडं तेल लावलं की झालं. ज्या घरात टँकरच्या पाण्यावर पाहुण्यांची आंघोळ चालली आहे, तिथं हा हिशेब लहान नाही. मराठवाड्यात असा उन्हाळा पुन्हा येणारच नाही, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आणि वेणी घालायला प्रत्येक वेळी माझ्यासारखीच लागते असं मुळीच नाही. लातुरात शिकवण्यांसाठी आलेल्या हजारो मुली वसतिगृहांत राहतात. सकाळी क्लासच्या आधी एकीनं दुसरीच्या वेण्या घालायच्या, हा त्यांचा रोजचा परिपाठ. बोटं इतकी सरावलेली असतात की एकीकडं जीवशास्त्राची प्रश्नोत्तरं चाललेली आणि दुसरीकडं तिपेडी पुरी. मेमधली मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊन या मुली थेट लग्नाला पोचतात, करवली म्हणून. त्यांच्या हातात जे कसब आहे ते आपण बघतच नाही आणि त्यांना पार्लरच्या रांगेत बसवतो. माझ्या धंद्याचं नुकसान होईल असं मला काही जणींनी म्हटलं. होऊ दे. नवरीचं काम मला पुरतं, आणि एखाद्या करवलीला पाचपेडी शिकायची असेल तर मी तिला फुकट शिकवीन. मैत्रिणीच्या गुडघ्यांपाशी बसून वेणी घालून घेताना मुली जे बोलतात, ते लग्नाच्या बाकी गर्दीत बोलायला त्यांना जागा मिळत नाही.

एकमेकींना असं नटवणं आपल्या भागात फार जुनं आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दागिन्यांनी लगडलेली, केसांची देखणी रचना केलेली ती स्त्री, आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी धरून उभ्या असलेल्या दोन मुली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली ही मूर्ती भोकरदन किंवा तेर इथली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. दोन्ही ठिकाणं मराठवाड्यातली. तेर तर लातूरहून फार लांब नाही. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती आहे, शाळेच्या सहलींनी ती जरूर बघावी. त्या दोन मुलींना मी मनात करवल्याच म्हणते.

आता मागणी. नांदेड-लातूरच्या मंगल कार्यालयवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नवरीसाठी तुम्ही एसी खोली देता, चांगलं करता. करवल्यांना मात्र सामानाच्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली, चपलांच्या ढिगाशेजारी केस करावे लागतात. त्यांना खिडकी असलेली एक खोली द्या. भिंतीवर एक मोठा आरसा, समोर दोन स्टुलं, पंखा, आणि आतून लागणारी कडी. गजरे ठेवायला पाण्याचा माठ कोपऱ्यात असला तर फारच उत्तम. आणि लग्नघरच्या आयांनो, ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी प्रत्येक करवलीला फोन करून विचारा: तुझे केस आता केवढे आहेत, आणि तुला काय आवडेल?