परीक्षा आबांची, उत्तरे मात्र घरच्यांची!

डॉक्टरांनी 'न्यूरोसायकॉलॉजिकल' तपासणी लिहून दिली की घरात दोन प्रकारची घबराट उडते. पहिली, 'आता आबांना वेड्यात काढणार.' रत्नागिरीला मनोरुग्णालय असल्याने 'रत्नागिरीला पाठवा' ही चेष्टा आपल्या कोकणात मुरलेली, त्याची ही भीती. दुसरी, 'आबा नापास झाले तर?' मग आठ दिवस आबांकडून तारीख, वार, पंतप्रधानांचे नाव घोकून घेतले जाते. तपासणीच्या खोलीत आबा जरा अडखळले की सून नाहीतर मुलगा मागून उत्तर पुरवतो. हे प्रेमापोटी होते हे खरे, पण त्याने तपासणीचा पार विचका होतो.

पक्षाघात, अपघातात डोक्याला मार, फिट्स किंवा वाढता विसराळूपणा यांत ही तपासणी सांगतात. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. मेंदू काम कसे करतो, हे या चाचण्यांतून कळते. सुई नाही, यंत्र नाही. मानसशास्त्रज्ञ समोर बसून काही शब्द सांगतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात, आकडे उलट म्हणायला लावतात, घड्याळ काढायला सांगतात, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे घ्यायला सांगतात. दोन तासांपासून पाच-सहा तासही लागतात. मध्ये विश्रांती मिळते, कधी दुसऱ्या दिवशी बोलावतात. बरेच प्रश्न मुद्दाम चढत्या क्रमाने कठीण केलेले असतात. कुठे अडते तेच पाहायचे असल्याने धडधाकट माणूसही कुठेतरी अडतोच. तिथे उत्तर पुरवले तर नेमकी अडलेली जागाच झाकली जाते.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, भाषा आणि शाळा यांचा. या शास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक, रशियाचे अलेक्झांडर लुरिया, १९३१-३२ साली उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांकडे गेले होते. हातोडा, करवत, ओंडका आणि कुऱ्हाड यांत वेगळे काय, असे त्यांनी विचारले. शाळा शिकलेला माणूस ओंडका बाजूला काढेल, कारण बाकीची हत्यारे. शेतकरी म्हणाले, सगळेच लागते, ओंडका नसेल तर करवत काय कामाची? आपल्या फोंड्यातील एखादी आजीही हेच म्हणेल, आणि त्यात आजार कुठला? जिने कधी पेन्सिल धरली नाही तिचे घड्याळ वाकडे येणारच. चित्रातल्या मुलीला ती 'चेडू' म्हणाली तर घाटावरच्या तपासनिसाला कळेलच असे नाही. म्हणून शिक्षण किती आणि घरात मालवणी बोलतो की मराठी, हे सुरुवातीलाच सांगा. चाचणी रोग्याला समजेल त्या भाषेत होईल का, हेही बेधडक विचारा. यात आगाऊपणा नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली होती. परक्या भाषेतले माप तसेच लावता येत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले आहे.

घरच्यांची पाळी वेगळी येते. त्यांच्याशी स्वतंत्र बोलतात, आणि तिथे मात्र लाजेपोटी लपवालपवी नको. दुधाचे पैसे दोनदा दिले, काजूच्या बागेतून येताना वाट चुकली, चुलीवर भात ठेवून विसरली, हे तारीखवार सांगा. 'आरत्या सगळ्या पाठ आहेत, दशावतारातली भाषणे घडाघडा म्हणतात, मग विसरतात कसले?' हा युक्तिवाद आपल्याकडे हमखास ऐकू येतो. जुने टिकते आणि सकाळचे मात्र राहत नाही, असे अनेकदा होते.

फोंड्याहून घाट चढून कोल्हापूर गाठा की खाली गोव्यात बांबोळीला जा, पहाटे निघून घाटात उलट्या झालेल्या माणसाला सरळ खुर्चीवर बसवू नये. शक्यतो आदल्या संध्याकाळी पोहोचावे. झोप आणि न्याहारी झालेली असावी. चष्मा, कानाचे यंत्र, औषधांची यादी, जुने कागद बरोबर असावेत. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत ना, हे विचारायला संकोच कसला?

अहवाल त्याच दिवशी मिळत नाही. मिळाला की नुसता फायलीत लावू नका, मराठीत समजावून घ्या. बँकेचा व्यवहार, मोटारसायकल, एकट्याने प्रवास यांतले काय चालू ठेवायचे, ते विचारा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत. तेव्हा ते तपासले का, हेही विचारा. अहवालाची प्रत जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तर तुलना तिच्याशीच करायची असते.