यंत्र घ्या, सेवाही घ्या

गटारात किंवा टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा तपासणारे वायुशोधक यंत्र हे सुरक्षेचे पहिले साधन आहे. बारामती तालुक्यातील खांडज येथे १५ मार्च २०२३ रोजी गोबरगॅसशी जोडलेल्या टाकीच्या सफाईत चार जणांचा गुदमरून मृत्यू झाला. एकाला वाचवायला दुसरा धावला आणि तोही गेला. या परिसरात असा धोका जागोजागी आहे : बारामती व इंदापूर नगरपरिषदांची गटारे, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प आणि गावोगावचे गोबरगॅस.

कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि धोका टळल्याचा भास होतो. पेटता दिवा सोडून पाहावे, तर मिथेनमुळे स्फोटाची भीती. चार वायूंचे यंत्र प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एकाच वेळी मोजते. त्याची नळी आत सोडून वरची, मधली आणि तळाची हवा तपासायची असते. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचे नाही. गाळ ढवळला की अडकलेला वायू पुन्हा सुटतो, म्हणून काम संपेपर्यंत यंत्र चालूच हवे.

खरेदीची खरी कसोटी पुढे लागते. यंत्रातील सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत निकामी होतात. तोवर ठरावीक मुदतीने प्रमाणित वायू सोडून कॅलिब्रेशन करावे लागते. केवळ सर्वांत कमी दर पाहून घेतलेले यंत्र सेवेअभावी कपाटात पडून राहते. हाकेच्या अंतरावरचा लघुउद्योजक ही सेवा वेळेवर देऊ शकतो. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची असते. या उद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे. ही सवलत गुणवत्तेतून सूट ठरू नये. यंत्राचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष चाचणी यांत तडजोड नको. तसेच २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत बिल चुकते झाले पाहिजे. थकलेल्या बिलांवर लहान उद्योग सेवा चालवू शकत नाही.

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटारात वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. ती वेळच येऊ नये, यासाठी दोन्ही नगरपरिषदांनी यंत्र, कॅलिब्रेशन, सेन्सर बदल आणि कामगारांचे प्रशिक्षण यांची एकच निविदा काढावी. पंचायत समित्यांनी गोबरगॅस असलेल्या शेतकऱ्यांना मागताच मिळेल असे यंत्र तालुक्याला ठेवावे. येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद झालीच पाहिजे.