भोवळ मोजा, नुसता अशक्तपणा म्हणू नका

तेलंगणातल्या बेज्जूरच्या मुलखात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की भोवळ येणे कुणालाच नवे वाटत नाही. ऊन लागले असेल, रक्त कमी असेल, अशक्तपणा असेल असे म्हणत ग्लुकोजचे पाणी पाजतात, फार तर सलाईन लावतात. बहुतेकांना त्याने बरे वाटतेही. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या माणसाची भोवळ अशी निकालात काढू नये. प्राणहितेकाठच्या या भागातून मेंदुविकारतज्ज्ञाला दाखवायचे तर सहसा हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागते. भोवळ मोजायला मात्र तेवढे लांब जायची गरज नाही. रक्तदाबाचे यंत्र आणि घड्याळ पुरते. म्हणूनच एमएसच्या रुग्णाची स्वायत्त मज्जासंस्था नियमित तपासली जावी आणि ते काम गावाजवळच्या दवाखान्यातच व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनावरच उलटते. मग हातापायांची ताकद, नजर, तोल यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, कारण ते डोळ्यांना दिसते. पण हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम आणि लघवी आपल्या नकळत सांभाळणारे स्वायत्त मज्जासंस्थेचे मार्गही मेंदूच्या त्याच देठातून आणि मज्जारज्जूतून जातात. बाजेवरून उठून उभे राहिले की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. हे मार्ग शाबूत असतील तर रक्तवाहिन्या लगेच आवळतात, ठोके वाढतात आणि आपल्याला काही जाणवतही नाही. ते बिघडले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मार्ग ठोक्यांवरूनही तपासता येतात. निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे चालते ही समजूत चुकीची आहे. श्वास घेताना ठोके जलद होतात, सोडताना संथ. मिनिटाला 6 श्वास या लयीत ईसीजी काढला तर निरोगी तरुणात हा फरक साधारण 15 ठोक्यांचा किंवा जास्त असतो. 10 किंवा त्याहून कमी भरला तर काहीतरी बिनसले आहे. एमएसच्या अनेक रुग्णांत हा चढउतार घटलेला असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. किती जणांत घटतो, याचे आकडे मात्र अभ्यासागणिक बदलतात.

या भागातल्या उन्हात हा प्रश्न जिवावर बेतू शकतो. वेष्टन झिजलेल्या तंतूतून जाणारा संदेश शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडखळू शकतो; 1890 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी श्रमानंतर अंधुक होणाऱ्या नजरेची नोंद केली, ती याच प्रकाराची. त्यात घाम नीट सुटत नसेल तर शरीर थंड व्हायचे कसे? वारंवार लघवी लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन घेतले की घाम आणखी कमी होतो. पायांचा ताठरपणा घालवणारे टिझानिडीन रक्तदाब उतरवते. वर लघवीला धावावे लागू नये म्हणून रुग्ण स्वतःच पाणी तोडतो. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते, पण भर उन्हात त्या एकाच माणसाच्या अंगावर एकत्र येतात. फिंगोलिमोडच्या पहिल्या गोळीने ठोके मंदावू शकतात म्हणून रुग्णाला 6 तास देखरेखीखाली ठेवतात. आधी ईसीजी काढलेला असेल तर डॉक्टरांना तुलनेला काहीतरी हाताशी राहते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एमएस आपल्याकडे विरळा. मोजक्या रुग्णांसाठी खेड्यातल्या डॉक्टरांवर आणखी एक काम कशाला? पण मधुमेह विरळा नाही, आणि तोही स्वायत्त मज्जासंस्थेचे तंतू पोखरतो. एडिनबरोच्या डेव्हिड युइंग यांनी या चाचण्या बसवल्या त्या मुळात मधुमेहींसाठीच. आज जी तपासणी एमएससाठी शिकायची, ती रोजच्या ओपीडीत उपयोगी पडेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ठोक्यांतला चढउतार वयाने, चिंतेने, अपुऱ्या झोपेने, औषधांनीही घटतो, त्यावरून एमएसचे निदान होत नाही. हे अगदी खरे आहे. निदानाला तज्ज्ञ आणि एमआरआय लागतातच. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळातला ठोक्यांचा आकडा पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूकच. पण निदान झालेल्या माणसाला उभे राहताना काय होते, या प्रश्नाचे उत्तर एमआरआय देत नाही, रक्तदाबाचे यंत्र देते. पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, उभे केल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती भोवळ रक्तदाबाची आहे, आणि तिच्यावर उपाय करता येतात.

2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात एमएसचे नाव आहे, पण भोवळ, थकवा आणि उष्णता न सोसणे हे कागदावर सिद्ध करायला नोंदी लागतात. तेव्हा घरात असा रुग्ण असेल तर ऊन वाढायच्या आधी, होळीच्या आतच आडवे आणि उभे असे दोन्ही वेळचे रक्तदाब आणि नाडीचे ठोके तारीख घालून फाइलवर लिहून घ्या, आणि हैदराबादला किंवा नागपूरला निघाल की ती फाइल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या.