पिग्मीवाला कोणाचा?

वरंधा घाटाच्या रस्त्यावर हिर्डोशीत चहाला थांबलो की पिग्मीवाला हमखास भेटायचा. हेल्मेट आरशाला अडकवायचा, हातातलं छोटं मशीन चालू करायचा आणि विचारायचा, "काकू, आज किती?" काकू गल्ल्यातून दोन चुरगळलेल्या नोटा काढायच्या. तो त्या मांडीवर सपाट करायचा, मशीन करकरत पावती द्यायचं. पावसाळ्यात लोकांचे पैसे दोन पिशव्यांत कोरडे, हा मात्र चिंब. हिरडस मावळातल्या पावसाला रेनकोट पुरत नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर भेटला तो बिनमशीनचा. सतरा वर्षांनी पतसंस्थेने (नाव राहू द्या) तोंडीच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही नोकर कुठे? तुम्ही एजंट."

मोठा सोयीचा शब्द! वसुली घटली की साहेब जाब विचारणार, एक दिवस भरणा चुकला की नोटीस काढणार, आणि हिशेबाच्या वेळी हा एजंट.

ही पिग्मी सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली. दारावर जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायचे. त्याच बँकेच्या ठेव गोळा करणाऱ्यांचं भांडण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. बँकांचं म्हणणं, ही माणसं स्वतंत्र, यांना वेळेचं बंधन नाही, दुसरा धंदाही करतात. फेब्रुवारी २००१ मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. कमिशन हे वेतनच, बँकेचं नियंत्रण आहे, म्हणून हे कामगार. वर्षामागे पंधरा दिवसांच्या कमिशनइतकी ग्रॅच्युइटीही मान्य झाली. नियमित नोकर मात्र म्हटलं नाही. निकाल बँकांचा आहे हे खरं, पण पतसंस्थेशी भांडतानाही नियंत्रणाचा मुद्दा मांडता येतो.

हा गडी अर्ज घेऊन गेला होता उपनिबंधकांकडे. सहकारी संस्था, म्हणजे दाद सहकार खात्यात, असं सगळ्यांनाच वाटतं. नोकरीचा वाद मात्र तिथला नाही. महाराष्ट्र राज्य सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळाच्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की सहकार कायद्याच्या कलम ९१ मध्ये नोकरीचे वाद बसत नाहीत. त्याला जायला हवं पुण्याच्या कामगार न्यायालयात. राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात तक्रारीला मुदत नव्वद दिवसांची. उशिराला सबळ कारण दाखवलं तर माफी मिळू शकते, पण ती मागत बसायची वेळ का आणा? केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही काढून टाकलेल्या कामगाराची थेट अर्जाची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली आहे. वकिलाला हे आधी विचारा, फी नंतर.

"कागद काय आहेत?" मी विचारलं. त्याने पिशवीतून ओळखपत्र काढलं, वर 'अधिकृत प्रतिनिधी'. मग पासबुक, दर महिन्याला कमिशनची नोंद, सतरा वर्षांत एकही महिना कोरा नाही. तोंडी काढलं, त्याचा कागद मात्र नाही.

"आणि काढलं कधी?"

"गणपतीच्या आदल्या दिवशी." मग बोटांच्या पेरांवर मोजत बसला. दोनदा चुकला, काकूंनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून दिली. त्रेपन्न दिवस झाले होते.