चासी नंबरावर पेन्सिल
परवा बेलापुरात एका गॅरेजासमोर मालक जुन्या मारुती 800 च्या चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासत होते. पुनर्नोंदणीला तो ठसा लागतो. अशा ठिकाणी माझा पाय निघत नाही. 1983 साली आलेली ही गाडी मूळची सुझुकीची. परदेशातली वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही; म्हणून जपानी गाडी आपल्याकडे म्हातारी होऊन येत नाही, इथेच म्हातारी होते. मग पंधरा वर्षांनी फिटनेस तपासणी आणि पुनर्नोंदणी, जिचे शुल्क 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजार झाले. ही शुल्कवाढ चूक आहे. ब्रेक, धूर, पत्रा कसून तपासा, पण जिवापाड राखलेल्या गाडीला वयाचा दंड नको. शेवटचा आकडा उमटला तेव्हा मालकांनी कागदावर हलकी फुंकर मारली आणि सातबारा ठेवावा तशी घडी करून तो खिशात ठेवला.