आहारशास्त्राची पदवी आता घरबसल्या नाही. प्रवेशाआधी काय पाहाल?

नोकरी सांभाळून डाएटिशियन होण्याचा मार्ग बंद झाला आहे. अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स या विषयांना दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मनाई केली आहे.

कारण काय?
संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याने डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांना आपल्या यादीत घेतले. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, असे हा कायदा सांगतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या ताटात पोटॅशियम किती जाऊ द्यायचे, हे वॉर्डात उभे राहूनच कळते. इन्स्टाग्रामवर डाएट प्लॅन विकणे त्यामानाने सोपे!

नोकरी कुठे?
रुग्णालये, क्रीडा संघ, सार्वजनिक आरोग्य प्रकल्प. मोठी रुग्णालये बहुधा पदव्युत्तर पदवी किंवा पदविका आणि इंटर्नशिप मागतात. बिस्किटाच्या किंवा दुधाच्या कारखान्यात जायचे असेल, तर वाट वेगळी: फूड टेक्नॉलॉजी. दोन्हींत ‘फूड’ असल्याने बारावीनंतर अनेकांचा इथेच घोळ होतो.

म्हणून प्रवेश घेताना फीआधी एकच विचारा: इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने?